नगरपालांचा झगा आणि चांदीची कात्री

"छत्तीस वर्षं! छत्तीस वर्षांत माझ्या नजरेतून एक चोर सुटला नाही, आणि तू मला खिसे शिवून घ्यायला सांगतेस?"

साहेब आरशासमोर ताठ उभे होते. अंगात काळा झगा, गळ्यात रुंद साखळी. फौजदार म्हणून नोकरीला लागलेले साहेब पोलीसप्रमुख होऊन निवृत्त झाले, आणि आता सरकारने त्यांना शहराचे नगरपाल केलं होतं. नगरपाल म्हणजे निव्वळ मानाचं पद! पाहुण्यांना सामोरं जायचं, फिती कापायच्या, शोकसभेत सगळ्यांत आधी बोलायचं. अधिकार एकही नाही. झगा मात्र घोट्यापर्यंत, आणि त्याला दोन खिसे, एकेकात मांजर झोपेल एवढे!

"म्हणूनच म्हणते," बाई म्हणाल्या. "अहो, पाच मिनिटांचं काम. सुई ओवून ठेवली आहे."

बाईंचं काही चुकत नव्हतं. बंदोबस्ताची सवय साहेबांच्या हाडात मुरली होती. गर्दीत शिरलं की धारदार, टोकदार दिसेल ते उचलून खिशात टाकायचं, कुणाला इजा नको! हात आपोआप जाई, डोक्याला पत्ताही नसे. भाचीच्या लग्नातली केकची सुरी त्यांनी घरी आणली होती. दंतवैद्याकडे दाढ काढायला गेले, तर दाढ तिथे राहिली आणि चिमटा खिशातून आला! घरातल्या कात्र्याही अशाच कुठल्या कुठल्या खिशांत गेल्या होत्या, औषधालाही एक उरली नव्हती. बाई धागा दातांनी तोडत.

"ते जुनं झालं," साहेबांनी विषय मिटवला. "आज माझा पहिला कार्यक्रम आहे. नगरपालाला शोभेल असाच होईल."

कार्यक्रम होता सार्वजनिक वाचनालयाच्या नव्या दालनाचा. दाराला लाल फीत, समोर दोनशे खुर्च्या, पहिल्या रांगेत बाई. फितीशेजारी वाचनालयाचे शिपाईकाका मखमली कापड घातलेलं तबक घेऊन उभे. तबकात चांदीची कात्री. काका एकतीस वर्षं याच इमारतीत होते, आणि आज त्यांचा शेवटचा दिवस होता. सदरा इतक्या कडक इस्त्रीचा की वाकले असते तर मोडला असता!

साहेब आले, सगळ्यांशी हात मिळवत पुढे सरकले, काकांच्या खांद्यावर थोपटलं, खुर्चीवर बसले. वाचनालयाच्या चिटणीसांनी लांबलचक प्रस्तावना केली. शेवटी ते म्हणाले, "आता माननीय नगरपालांच्या हस्ते..."

साहेब उठले. तबकाकडे हात नेला. तबकात नुसती मखमल!

आणि मग छत्तीस वर्षं जागी झाली.

"कोणीही जागेवरून हलायचं नाही!"

अधिकार नव्हता, पण आवाज तोच होता ना! बंदोबस्तावरच्या सहा हवालदारांनी धडाधड दारं लावली. विद्यमान पोलीसप्रमुख, जे एके काळी साहेबांच्या हाताखाली शिकले होते, तेही सवयीने सावधान उभे राहिले. मग भानावर आले आणि ओशाळून त्यांनी वही काढली.

"कात्री शेवटची कुणाच्या ताब्यात होती?" त्यांनी विचारलं.

"माझ्या," काका म्हणाले. "आत आलो तेव्हा होती, साहेब. मी स्वतः पुसून ठेवली."

"वय झालंय हो," चिटणीस हळूच म्हणाले, पण दोनशे जणांना ऐकू जाईल असं! "आणि शेवटचा दिवस. आठवण म्हणून कुणी एखादी वस्तू..."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. कानशिलं तेवढी लाल झाली.

इकडे पहिल्या रांगेत बाई आपल्या कमरेवर चापट मारून खुणा करत होत्या. साहेबांना वाटलं, ताठ उभं राहा म्हणतेय. ते ताठ झाले. बाईंनी आणखी जोरात चापट मारली. साहेबांनी पोट आत घेतलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"यांची पिशवी बघा," पोलीसप्रमुख म्हणाले.

काकांनी पिशवी स्वतःच आणली, स्वतःच टेबलावर रिकामी केली. डबा. छत्री. पुसायचा फडका, नीट घडी घातलेला. आणि एक लिफाफा.

"त्यात काय आहे?"

"वाचनालयाने दिलेलं पत्र आहे, साहेब. बायकोला दाखवायला नेतोय." काकांनी लिफाफा नगरपालांपुढे धरला. "वाचा तुम्हीच. मोठ्याने वाचा."

साहेबांनी पत्र घेतलं. अक्षरं बारीक होती. चष्म्यासाठी त्यांनी उजव्या खिशात हात घातला. चष्मा लागला. त्याच्याखाली काहीतरी थंडगार लागलं. दोन पाती. दोन कडी.

कात्री!

पण पत्र हातात होतं आणि सगळे वाट बघत होते. ते वाचू लागले. "एकतीस वर्षांच्या सेवेत... यांच्या ताब्यातील एकही वस्तू... गहाळ झालेली नाही."

कुणी पाहिलं नव्हतं. झगा लांब होता. वाकल्यासारखं करून कात्री खुर्चीखाली सोडली असती, तर 'सापडली, सापडली' म्हणत सगळे हसले असते आणि चहाला गेले असते. पण मग काकांच्या मागे कुजबुज राहिलीच असती. सापडली म्हणे! की घाबरून टाकली? छत्तीस वर्षं साहेब नव्या पोरांना एकच सांगत आले होते, की गुन्हेगार केवढाही मोठा असो, नाव लिहायचं.

त्यांनी कात्री बाहेर काढली आणि हात उंच केला.

"आरोपी सापडला. मीच आहे."

सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. (आणि साहेबांनी तीही उचलली असती!)

पोलीसप्रमुख कानाशी लागले. "साहेब, खुर्चीखाली मिळाली असं लिहितो ना!"

"खोटा पंचनामा करायला मी शिकवलं होतं तुला?"

"नाही, साहेब."

"मग लिही. नगरपालांच्या झग्याचा उजवा खिसा. काकांचा काडीमात्र दोष नाही. आण, सही करतो." सही करून साहेब काकांकडे वळले, गळ्यातली साखळी सावरली आणि दोनशे माणसांसमोर हात जोडले. "काका, चुकलो."

काकांनी त्यांचे हात धरून खाली घेतले. "असू द्या, साहेब. सापडली ना? यादीत सगळं बरोबर लागलं."

चिटणीस खाकरले. "मग आता... फीत?"

साहेबांनी कात्री पुढे केली, तर पोलीसप्रमुखांनी ती अदबीने काढून घेतली. "माफ करा, साहेब. पंचनामा झालाय. कात्री आता मुद्देमाल आहे. सील करावी लागेल." शिष्य भलताच तयार झाला होता!

दुसरी कात्री इमारतीत नव्हती. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले.

"सकाळी गाठ मीच मारली आहे," काका म्हणाले. "सोडू?"

काकांनी गाठ सोडली. फीत गळून पडली, दालन उघडलं, आणि टाळ्या अशा वाजल्या की काकांनी मागे वळून पाहिलं, कुणासाठी वाजताहेत म्हणून!

घरी आल्यावर साहेबांनी झगा निमूटपणे बाईंच्या मांडीवर ठेवला. "शिव."

बाईंनी एका शब्दाने टोमणा मारला नाही, हेच जास्त लागलं. त्यांनी उजवा खिसा शिवला, धागा दातांनी तोडला, सुई टेबलावर ठेवली आणि झगा उलटा करून डावा खिसा पुढे घेतला. साहेब शेजारी बसून दिवसभराचा विचार करत होते.

"सुई कुठे गेली?" बाईंनी विचारलं.

टेबलावर नव्हती. जमिनीवरही नव्हती. साहेबांनी सावकाश मान खाली घालून स्वतःच्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं.

बाईंनी शांतपणे हात पुढे केला. "द्या."