खुर्चीचं रबर

अर्पिता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत धावड्याला आली ती संशोधन घेऊनच. जालन्याच्या कॉलेजातून उन्हाळी संशोधनासाठी निवडलेल्या मोजक्या मुलांत तिचं नाव होतं. मक्यावरच्या लष्करी अळीचे पतंग मोजायचं काम तिनं मागून घेतलं होतं. घरामागच्या उन्हाळी मक्यात तिनं प्लास्टिकचे सापळे टांगले आणि प्रत्येकात रबराचा एक बुटका तुकडा बसवला.

"ह्याच्यात काय असतंय गं?" तिच्या वडिलांनी, धर्मराजनं विचारलं.

त्या रबराला मादी पतंगाचा वास लावलेला असतो आणि त्या वासानं नर धावत येतात, हे बापाला कसं सांगायचं? अर्पिता लाजली. "काही न्हाई अण्णा. साधं रबर हाय."

या एका उत्तरानं पुढचं सगळं घडलं.

अर्पिता रोज उजाडताच मक्यात शिरायची. पानांनी हात कापले. एकदा पायाजवळून साप गेला, तर तो जाईस्तोवर ती थांबली आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. आई दुर्गाबाई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "आमची पोरगी पाखरं मोजून राह्यली. चुकली की परत मोजती!"

मग मार्गदर्शक सत्यशीला मॅडमचा फोन आला. त्या काम पाहायला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं तर अर्पिताला विद्यापीठात सगळ्यांसमोर ते मांडायला मिळणार होतं. दुर्गाबाईनं अंगण सारवलं. धर्मराजनं घरातली एकुलती एक लोखंडी खुर्ची घासून काढली. एका पायाचं रबर झिजल्यानं ती डुगडुगत होती; तेही त्यानं ठाकठीक केलं आणि मॅडम येईस्तोवर खुर्ची आतल्या खोलीत झाकून ठेवली.

नेमका तेव्हापासून बांधाजवळचा सापळा रिकामा राहायला लागला. बाकीचे भरलेले, यात एक पतंग नाही.

"दोन-चार लिहून टाक ना," दुर्गाबाई म्हणाली. "मॅडमला काय समजतंय?"

"आये, न्हाई ते कसं लिहू? शून्य म्हंजे शून्य."

मॅडम आल्या दिवेलागणीला. अंगणात मांडलेल्या खुर्चीत बसल्या, चहा घेतला. अर्पितानं आधी तो रिकामा सापळाच सांगून टाकला. मॅडमचा चेहरा गंभीर झाला. "म्हणजे तुझी मांडणी कुठंतरी चुकली."

तेवढ्यात त्यांच्या साडीच्या निऱ्यांवर एक पतंग बसला. मग दुसरा. बघता बघता थवाच आला.

"दिवा बंद करा जल्दी!" धर्मराज ओरडला. दिवा गेला, पतंग गेले नाहीत. त्यानं उपरणं फिरवलं. दुर्गाबाईनं कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला. मॅडम खोकत खोकत पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घालून बसल्या.

अर्पितानं मात्र एक पतंग अलगद पकडून मोबाइलच्या उजेडात पाहिला. मग दुसरा. "मॅडम, हे सगळे नर आहेत!" तिनं उजेड खुर्चीखाली नेला आणि थबकली. "अण्णा, हे रबर कुठून आणलं?"

"बांधाजवळच्या सापळ्यातून. साधंच हाय म्हन्लीस ना? अन् तिथं रिकामं बरं दिसत न्हाई म्हणून खुर्चीचं जुनं बसवलं. बराबर बसलं बग!"

आता सांगणं भागच होतं. अर्पितानं खाली मान घालून सगळं सांगितलं. धर्मराजनं आपल्या बोटांकडं पाहिलं आणि हात पाठीमागं नेले.

मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, बिनवासाचा सापळा कुठंय, हेच मी विचारणार होते. पतंग वासानंच येतात हे सिद्ध करायला तो लागतो. तू विसरलीस, वडिलांनी लावला. आणि तू शून्य लपवलं नाहीस, म्हणून तो कामी आला. विद्यापीठात तूच बोलायचं."

विद्यापीठात अर्पिता न अडखळता बोलली. शेवटी एका प्राध्यापकांनी विचारलं, "बिनवासाच्या सापळ्याची मांडणी चोख आहे. तूच केलीस?"

"नाही सर, मी विसरले होते. खुर्ची डुगडुगत होती, म्हणून माझ्या वडिलांनी रबर बदललं. ते आलेत, मागं बसलेत."

सभागृह आधी हसलं, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्या माना मागं वळल्या. नव्या टोपीतला धर्मराज गडबडून उठला आणि हात जोडून म्हणाला, "हाव जी, मीच. कोणती खुर्ची डुगडुगून राह्यली?"