सोयरिकीचा चितारी

स्थळाला मुलीचा फोटो पाठवला म्हटलं की आमच्या बाबूभाऊंच्या कपाळाला आठी पडते. "पेशवाईत असं नव्हतं, वयनी! सरदाराघरची सोयरीक असली की आधी चितारी जायचा. पोरीला समोर बसवून चितर काढायचा. ते बघून होकार!"

हे त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. माणूस जन्मभर बोईसरच्या कारखान्यांत 'सावधान'च्या पाट्यांवर कवट्या रंगवत आलेला. पण इथे पालघरजवळच्या माहीमला आमच्या शेजारच्या ओट्यावर बसून गप्पा अशा मारणार, जणू शनिवारवाड्यातून कालच बदली होऊन आलाय.

माझ्या नूतनला बोईसरचं चांगलं स्थळ आलं. त्यांनी फोटो मागितला, तर बाबूभाऊ रंगांचे डबे घेऊन दारात हजर! नूतनला भरजरी शालू, माझी नथ आणि ठुशी, हातात गुलाब. पाच रविवार पोरगी वाडीत चिकूखाली मान ताठ करून बसली. जरा हलली की हे ओरडणार, "सरदाराची लेक खाजवते काय?" मुंग्या चावतात म्हटलं, तर म्हणे, "पेशवाईतपण मुंग्या होत्या."

चित्र झालं. खरं सांगते, सुरेख झालं. पण गळ्यावर तो डाग! लहानपणी गरम पेज सांडून भाजल्याचा. पालघरच्या फोटोवाल्याने तिच्या फोटोतून तो दोन मिनिटांत पुसला होता, आणि या गृहस्थाने इतका मन लावून रंगवलेला, की ठुशीच्या आधी तोच दिसावा. माझं डोकंच फिरलं.

"बाबूभाऊ, तो डाग पुसा आधी. आलेलं स्थळ जाईल!"

"नाय पुसणार."

"तुमाला काय जातं? सडाफटिंग माणूस!"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "माजं लगीन झालेलं, वयनी. सफाळ्याची होती. मानेवर पांढरे डाग होते, ते फोटोत काढून टाकलेले. फसवलं म्हणून आईनं चवथ्या दिवशी तिला माघारी पाठवली. मी ओट्यावर उभा होतो. एक शब्द नाय बोललो."

वीस वर्षांचा शेजार, आणि मला हे ठाऊक नव्हतं. माझीच मला लाज वाटली.

"तुमालापण फसवल्यासारखं वाटलं?" मी विचारलं.

"मला? मला ते डाग पहिल्याच दिवशी दिसलेले. पदर ओढून बसायची बिचारी. मला आवडली होती, वयनी."

मी नूतनकडे पाहिलं. तिने स्थळाला पाठवायच्या पाकिटातला फोटो काढून माझ्या हातात दिला, आणि चित्र गुंडाळायला चादर आणायला आत गेली.