परत आलेली औषधं

“अगं, चाळीस हजार पुस्तकं सांभाळलीत मी! चार औषधांचं काय घेऊन बसलीस? शनिवारी ये. घरात मोहरीएवढी गोळी सापडली तर नाव बदलीन!”

फोनवर मुलीला असं ठणकावून निवृत्त ग्रंथपाल छाती काढून कामाला लागले. मुलीला आठवडाभर परगावी जायचं होतं. चार वर्षांची भिंगरी आजोबांकडे राहणार होती, पण एका अटीवर : घरातली जुनी औषधं आधी बाहेर गेली पाहिजेत. कारण दिसेल ते तोंडात घालून बघायची भिंगरीला भारी हौस. मागच्या खेपेला तिने खोडरबर खाल्लं होतं आणि वर “अजून आहे?” असं विचारलं होतं!

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नको असलेल्या औषधांसाठी कुलूपबंद पेटी होती. तिथे जायचं, टाकायचं, घरी यायचं. दुसऱ्या कोणीही एवढंच केलं असतं. पण हे पडले ग्रंथपाल! नोंद केल्याशिवाय त्यांनी घरातला केरसुद्धा कधी बाहेर जाऊ दिला नव्हता. त्यांनी जाड वही काढली, क्रमांक घातले, चिठ्ठ्या डकवल्या. एकूण औषधं निघाली एकतीस.

एकतीस! चाळीस हजारांच्या धन्याला एकतिसात कसलं समाधान? त्यांनी इमारतीच्या जिन्यात कागद लावला : “जुनी औषधं मुलांच्या हाती लागू देऊ नका. माझ्याकडे आणून द्या. पावती मिळेल.”

पावतीचं नाव निघताच रांग लागली! कोणी सासऱ्यांचं खोकल्याचं औषध आणलं, कोणी कुत्र्याच्या जंतांचं. शुक्रवारपर्यंत आकडा गेला चारशे बारावर. ग्रंथपालांनी पुस्तकांच्या कपाटाचे खालचे दोन खण रिकामे करून विषयवार मांडणी केली : ताप, पोट, सांधे, संकीर्ण. लाल, निळ्या, पिवळ्या गोळ्या नव्या नवरीसारख्या नटून बसल्या. खरं तर त्याच संध्याकाळी सगळं पेटीत जायचं होतं. पण असं काम मुलीला न दाखवता टाकून द्यायचं? छे!

शनिवारी सकाळी शेजारच्या शिंपीणबाई आल्या.

“भाऊ, कंबरेवरची एखादी गोळी द्या ना. सोमवारी परत करते.”

“खाल्लेली गोळी परत कशी कराल?”

“तसलीच दुसरी आणीन हो! एवढं वाचनालय थाटलंत, मग देत का नाही?”

“हे परतीचं खातं आहे, बाई. इथून एक गोळी मिळणार नाही! डॉक्टरला विचारा.”

“बाई बाई, काय तो तोरा!”

“बाबा,” दारातून मुलीचा आवाज आला, “हे काय मांडलंय?”

“चारशे बारा!” ग्रंथपाल फुलून म्हणाले. “विषयवार!”

तोवर भिंगरीने कपाटापुढे फतकल मारली होती. ‘पोट’ बरोबर तिच्या नाकासमोर.

“आजोबा, पिवळी गोड असते?” तिने हात पुढे केला.

जन्मात बससाठीसुद्धा न धावलेले ग्रंथपाल अशी झेप घेऊन कपाटाला आडवे झाले, की शिंपीणबाई “अगं आई!” म्हणून खुर्चीवर चढल्या!

“मी हिला बरोबर नेते,” मुलगी शांतपणे म्हणाली. ती चिडली असती तर परवडलं असतं.

“एक तास दे मला,” ग्रंथपाल जमिनीवरूनच म्हणाले. “एकच तास!”

भिंगरीच्या बॅगेतून कपडे बाहेर आले, औषधं आत गेली. वरात निघाली. पुढे बॅग घेऊन ग्रंथपाल, मागे उरलेल्या बाटल्या घेऊन शिंपीणबाई आणि शेवटी भिंगरीचं मनगट घट्ट धरून मुलगी. दुकानातल्या पेटीचं तोंड निघालं टपालपेटीसारखं अरुंद. एकेक करूनच टाकायचं. आणि ग्रंथपाल नोंद खोडल्याशिवाय टाकतील तर शपथ!

“दोनशे सोळा! कुत्र्याचे जंत!”

“काका, आवरा की!” औषधवाला कळवळला. “माझी गिऱ्हाईकं इथेच बरी होऊन परत चाललीत!”

तासाला दोन मिनिटं कमी असताना चारशे बारावी बाटली आत पडली. मुलीच्या कपाळावरची आठी मोडली.

“बाबा, अख्ख्या इमारतीतली पोरं निर्धोक केलीत तुम्ही. मानलं! राहू दे भिंगरी.”

ग्रंथपालांची छाती अशी फुगली, की सदऱ्याच्या गुंड्यांनी धसका घेतला.

“काका,” औषधवाला त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाला, “तोंड लालेलाल झालंय. रक्तदाबाची आजची गोळी घेतलीत ना?”

ग्रंथपालांनी सावकाश वहीचं पहिलं पान उघडलं. त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘क्रमांक एक. रक्तदाब. परवाच आणलेली. परत करणारा : स्वतः.’ त्यावर सरळ, सुबक रेघ!

“पेटीची किल्ली माझ्याकडे नसते,” औषधवाला म्हणाला आणि डॉक्टरांची जुनी चिठ्ठी बघून त्याने गोळ्यांची नवी पट्टी काढली.

मुलीने ती घरी उंच फळीवरच्या डब्यात कुलूप लावून ठेवली, किल्ली आजोबांच्या गळ्यात अडकवली आणि निघताना भिंगरीसमोर उकिडवी बसली.

“रोज सकाळी विचारायचं, आजोबा, गोळी घेतली का? लक्ष ठेवशील ना त्यांच्यावर?”

भिंगरीने मोठ्या जबाबदारीने मान डोलावली.

ग्रंथपालांच्या वहीत त्या दिवशीची बारीकसारीक सगळी नोंद आहे. फक्त कोणाला कोणाच्या ताब्यात दिलं, तेवढं लिहायचं राहून गेलं!