मध्यंतरानंतर लग्न

समीक्षकांसाठी ठेवलेल्या खास खेळात पडद्यावर पहिलंच दृश्य कथानायक डॉक्टरच्या अंत्ययात्रेचं आलं, आणि शेवटच्या रांगेतला दिग्दर्शक ताडकन उठला. डॉक्टर मरायला अजून दीड तास अवकाश होता.

मध्यंतरानंतरचा भाग आधी लागला होता. दिग्दर्शक जिना चढून मशीनच्या खोलीकडे धावला. खोलीला बाहेरून कुलूप होतं. ऑपरेटर कोपऱ्यावरच्या खानावळीत सापडला.

"अहो, दुसरा भाग आधी लावलात!"

"फायलींना नावं कोणी दिली?" ऑपरेटरने घास न थांबवता विचारलं. "एकीवर लिहिलंय 'अंतिम', दुसरीवर 'अंतिम, हीच घ्या'. मी हीच घेतली."

नावं दिग्दर्शकानेच दिली होती. तो आला तसा परतला.

चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला होता ती जुनी, जाडजूड आणि घराघरात पूज्य. लेखक कधीच वारले होते. त्यांची ऐंशीच्या घरातली मुलगी, सगळ्यांची माई, हिने हक्क दिले ते दम भरूनच. "बाबांच्या कथेला हात लावलात, तर कोर्टात खेचीन." दिग्दर्शकाने डॉक्टरच्या बॅगेचा रंगसुद्धा बदलला नव्हता. आता डॉक्टर आधी मरून, त्याची बायको दवाखाना चालवायला लागून, मग मध्यंतर झालं होतं.

"आता पहिला भाग लाव आणि गप्प बस," निर्माता म्हणाला. "माफी मागितलीस तर उद्या तेवढीच छापतील."

तरी खेळ संपल्यावर दिग्दर्शक माफी मागायलाच दारात उभा राहिला. सर्वांत आधी बाहेर आले ते 'कातरी'. हे त्या ज्येष्ठ समीक्षकांचं टोपणनाव. त्याच्या आधीच्या चित्रपटावर त्यांनी लिहिलं होतं, 'हा दिग्दर्शक नव्हे, पोस्टमन आहे. आलेला मजकूर तसाच पोचवतो.' आज त्यांचे डोळे ओले होते.

"माणूस आधी मारलात आणि मग त्याचं लग्न लावलंत! ते लग्न बघवत नव्हतं हो."

"अहो, ते मुळात—"

"बोलू नका. बोललात की स्वस्त होईल."

दुसऱ्या दिवशी पेपरांत कौतुकाला ऊत आला. एकाने लिहिलं, 'मूळ कादंबरीत काय चुकलं होतं, ते आज उमगलं.' दुसऱ्याच्या मते मध्यंतर हेच चित्रपटातलं प्रमुख पात्र होतं. निर्मात्याने लगेच हुकूम सोडला की सगळीकडे असाच दाखवायचा.

"आणि माई?"

"माईंना मी सांभाळतो," निर्माता म्हणाला, आणि प्रीमियरच्या सकाळी त्याला ताप भरला.

"खरं सांगून मोकळे व्हा," दिग्दर्शकाची बायको म्हणाली.

"कोणाला सांगू? ज्याला सांगतो तो म्हणतो, काय हा विनय!"

प्रीमियरला माई पहिल्या रांगेत, दिग्दर्शकाच्या शेजारीच बसल्या. अंत्ययात्रा सुरू झाली तशा ताठ झाल्या. मध्यंतरापर्यंत त्यांची पापणी लवली नाही. नंतर सनईच्या सुरात लग्न लागलं, तेव्हा दिग्दर्शक स्वतःच्या बुटांकडे पाहत मनातल्या मनात वकील शोधत होता. शेजारी बघायची त्याची छाती झाली नाही.

दिवे लागले. टाळ्यांचा कडकडाट झाला. माईंनी दचकून डोळे चोळले.

"माई, मी तुमचा अपराधी आहे," दिग्दर्शक म्हणाला. "हवं ते करा."

माईंनी त्याची बाही धरून त्याला जवळ ओढलं. "हळू बोला. डॉक्टर मरतो होय?"

दिग्दर्शक खाली वाकला. "तुम्हाला... माहीत नव्हतं?"

"कसं असणार? दर वेळी पुस्तकाला पहिल्यापासून सुरुवात करायची, लग्नापर्यंत पोचायचं, की डोळा लागायचा. लेखकाचीच मुलगी, कोणाला विचारायचीही चोरी! आज नवा भाग आधी आला म्हणून जागेपणी पाहिला. मग लग्न लागलं आणि नेहमीसारखी झोपले." त्यांनी त्याच्या हातावर थोपटलं. "शब्दाला जागलात हो."

तेवढ्यात एक वार्ताहर माईक घेऊन पुढे आला. कातरीही मान उंचावून उभे होते.

"माई, बाबांची कादंबरी अशी उलटीपालटी केलेली तुम्हाला चालली?"

माई काठी टेकत उठल्या. त्यांनी वार्ताहराला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्ही कादंबरी वाचलीय का?" त्यांनी विचारलं.

वार्ताहराने कातरींकडे पाहिलं. कातरींनी छताकडे पाहिलं. दिग्दर्शकाने माईंना आधार द्यायला हात पुढे केला आणि दोघं सावकाश दाराकडे निघाली.