एकशे त्रेसष्ट कॉलरी

"या साइटची ठरलेली कामे गेल्या चोवीस दिवसांत झालेली नाहीत," हे लाल पट्टीतलं वाक्य बाईंनी तीनदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर आपटला. "चोवीस दिवस! आणि मेला सांगतोय आज!"

बाई शिवणकाम शिकवत. तीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत शिकवल्यावर गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा दिरानं त्यांना इंटरनेटवर शिकवणीची साइट करून दिली. धडे व्हिडिओत, गृहपाठ फोटोत आणि "शर्टाची कॉलर शुक्रवारपर्यंत पाठवा" ही आठवण ज्याची त्याला आपोआप. पण जवळजवळ महिनाभर एकही कॉलर आली नव्हती. एकशे त्रेसष्ट विद्यार्थ्यांना कामचुकार ठरवून बाई मोकळ्या झाल्या होत्या; आठवणीच गेल्या नव्हत्या, हे आज कळलं. उलट कालच एका विद्यार्थिनीनं फोन करून विचारलं होतं, "बाई, वर्ग बंद पडला का? मी दुसरीकडे नाव घालू?"

बाईंनी दिराला फोन लावला.

"वहिनी, माझ्याकडून सगळं चोख आहे. साइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलीय ना, त्यांना विचारा."

कंपनीच्या मदत विभागातला माणूस अतिशय गोड बोलला. "मॅडम, आमच्याकडून सगळं चोख आहे. साइट ज्यांनी बनवली त्यांना विचारा."

"त्यांनीच तुम्हाला विचारायला सांगितलंय!"

"मग त्यांचं काहीतरी चुकतंय."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एकानं पुढचा भाग शिवायचा, दुसऱ्यानं पाठ, आणि खांदे कोणी जोडायचे? मी?"

"एक चाचणी सूचना लावून बघा, मॅडम. पाच मिनिटांनी जाईल अशी."

बाईंनी लिहिलं, "ही चाचणी आहे," आणि "कोणाला" या रकान्यात "सर्वांना" निवडलं, कारण दुसरं काही निवडायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काही गेलं नाही. "परत लावा," मदत विभाग म्हणाला. बाई लावत राहिल्या. चौथ्या वेळी त्यांनी लिहिलं, "हीसुद्धा जाणार नाही, मला ठाऊक आहे." सातव्या वेळी, "झोपलात का सगळे?" जाणारच नाही तर लिहायला काय हरकत, म्हणून नवव्या वेळी त्यांनी मन मोकळं केलं, "लाज कशी वाटत नाही? तीस वर्षांत असा निगरगट्टपणा पाहिला नाही!"

तीन वाजता त्यांनी एका फोनवर दीर, दुसऱ्यावर मदत विभाग घेतला आणि दोन्ही फोन टेबलावर समोरासमोर ठेवले. "आता तुम्हीच एकमेकांशी बोला. मी ऐकते."

सात मिनिटांत चूक सापडली. गेल्या महिन्यात कंपनीनं साइट नव्या सर्व्हरवर हलवली होती. ठरलेली कामं सुरू करणारी आज्ञा मात्र अजून जुन्याच पत्त्यावर जात होती.

"म्हणजे महिनाभर रिकाम्या घराची कडी वाजवत होतात!" बाई कडाडल्या.

"आम्ही पत्ता बदलल्याची मेल पाठवली होती, मॅडम."

"भाऊजी?"

दुसऱ्या फोनवरून दीर पुटपुटला, "आली होती, वहिनी. मला जाहिरात वाटली."

एक ओळ बदलली आणि काम झालं. "साठलेलं सगळं आता एकदम जाईल हं," मदत विभाग म्हणाला.

"जाऊ दे!" बाई विजयानं म्हणाल्या. तोच त्यांचा स्वतःचा फोन टणकन वाजला. ही चाचणी आहे. पुन्हा टण. पुन्हा टण. झोपलात का सगळे? बाईंचा चेहरा पांढरा पडला. "अहो, थांबवा! परत बोलवा ते!"

"एकदा गेलं की गेलं, मॅडम. अगदी चोख गेलंय."

बाईंनी माफीनामा लिहायला घेतला. "ते शब्द तुमच्यासाठी नव्हते..." एवढं लिहून होतंय तोवर पहिलं उत्तर आलं. कालच्याच विद्यार्थिनीचं. "बाई, झोपले नव्हते हो, सासूबाईंचं ऑपरेशन होतं. कॉलर जोडलीय." मग एक निवृत्त हवालदार होते, त्यांचं. "निगरगट्ट हा शब्द फार लागला. कॉलर पाठवतो, शिवाय काजही." मग एकीचं, "शाळेतसुद्धा मला कुणी इतकं बोललं नव्हतं. बाई, बरं वाटलं."

सहा वाजेपर्यंत साठ कॉलरी आल्या होत्या. काही सुरेख होत्या, काहींची टोकं एकमेकींशी भांडल्यासारखी दोन दिशांना तोंड करून होती. बाईंनी चष्मा लावला. "हवालदार, डावं टोक उसवा, परत शिवा," असं लिहून पाठवलं. आणखी चार कॉलरी तपासल्यावर त्यांची नजर अर्धवट माफीनाम्यावर गेली. त्यांनी तो पुसून टाकला आणि दिराला फोन लावला.

"भाऊजी, ती माझी नववी सूचना दर शुक्रवारी आपोआप जाईल, असं काही करता येतं का हो?"