हिरामणच्या बागेतली लॉन

दादा गेल्यापासून बागेला पाणी कोणी घातलं, हे लखननं सिडकोतल्या त्या कॉलनीत दारोदार विचारलं. बाग करपून गेली होती, म्हणजे तसं उत्तर समोरच होतं.

मोकळ्या प्लॉटवर चार घरांना गोळा करून ती बाग उभी केली होती वॉचमन हिरामणनं. तो काविळीनं गेला. त्याचा धाकटा भाऊ लखन त्याच्याच खोलीत, त्याच्याच पांघरुणात झोपू लागला. सेक्रेटरी महेशराव म्हणाले, "महिन्यात हिरवं दिसलं नाही, तर इथे पार्किंग."

"मी करतो हिरवं!" लखन बोलून मोकळा झाला. (चौथीत शाळा सोडली, तीही अशीच बोलण्याच्या भरात.)

घोटीकडच्या या पोराला शेती एकच ठाऊक, भाताची. भाताचं रोप टाकायचं तर आधी त्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजायचा. त्यानं गुलाबाच्या वाळक्या काटक्या, पाला, शेण पसरलं आणि बागेला काडी लावली.

धूर थेट लताबाईंच्या गच्चीवर, कुरडयांवर.

"मेल्या, बाग लावतोयस की उरकतोयस?"

"काकू, जमीन भाजल्याबिगर रोप जोर धरत नाय!"

कोणीतरी बंब बोलावला. बंबानं आगीसकट अर्धी कॉलनी भिजवली. लखनचं आयतंच झालं. ओल्या राखेत त्यानं गावाकडचं भात फेकलं.

आणि काय सांगावं, हिरवंगार झालं! दाट, मऊ. महेशराव कडेनं अनवाणी फिरले. "लॉन! शाब्बास! रविवारी मीटिंगमध्ये पार्किंग रद्दच करू."

दादा गेल्यापासून लखन त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवला.

रविवारी सगळे जमले. समोर नुसता चिखल.

"लॉन कुठंय?"

"उपटली."

"काय?"

"रोप लावणीला आलं, साहेब. ह्या बघा जुड्या. आता समद्यांनी चिखलात उतरून लावायचं. दादाच्या नावानं."

कोणी उतरलं नाही. लताबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना रडू आलं, असं लखनला वाटलं. (त्यांचे खांदे हसून हलत होते.) मग हात वर झाले आणि पार्किंग मंजूर झालं.

पहिला मान आपला म्हणून महेशरावांनी कोरी स्कूटर तिथंच घातली. ती सायलेन्सरपर्यंत रुतली. बाकीचे कपडे सावरत मागं सरले. लखननं खांदा लावला, महेशरावांनी रेस दिली, गाडी सुटली आणि दादाची बाग लखनच्या तोंडावर आली.

"थँक्यू रे, हिरामण!" महेशराव मागं न बघता ओरडले.

कॉलनीसाठी लखननं शेवटचं एक काम केलं. त्यानं दादाच्या नावाला 'ओ' दिली.