मालदीवची गोदाबाई

भानुदासनानांनी आमच्या गल्लीत पेढे वाटले. कारण काय, तर गोदाबाईला दिवस गेले होते. मी पेढा तोंडात टाकला आणि मग विचारलं, "गोदाबाई कोण?"

"मासा हाय," नाना म्हणाले. "मालदीवला राहती."

नाना बजाजनगरातले आमचे शेजारी. सगळी नोकरी कारखान्याच्या पेंटशॉपमध्ये, तपासनीस म्हणून. रंगावरचा मोहरीएवढा डागही त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. अजूनही लग्नाच्या पंगतीत ताट उजेडाकडे तिरकं धरून बघतात. "माल रिजेक्ट!" हे त्यांचं आवडतं वाक्य. काकू होत्या तेव्हा एकदा पुरणपोळीला बघूनही म्हणाले होते. पुन्हा म्हणाले नाहीत.

त्यांची एकुलती एक लेक प्रणिता मालदीवच्या एका बेटावर समुद्रात बुड्या मारून मांटा मोजते. मांटा म्हणजे अंथरलेल्या सतरंजीसारखा पसरट, भला थोरला मासा. प्रत्येकाच्या पोटावरचे काळे ठिपके वेगळे. फोटो बघून मासा जुना की नवा हे त्यावरून ठरवायचं. लेकीनं हे काम बापाकडं दिलं. हर्सूलच्या तळ्यापलीकडे नानांनी पाणी पाहिलेलं नाही, पण वहीभर मांटा काढून त्यांनी सगळ्यांना सासुरवाडीच्या बायकांची नावं दिली. "ही कमलमावशी. लई खादाड!"

तीन वर्षांत प्रणिता घरी आलेली नाही. तिचा विषय काढला की नाना कमलमावशीवर घसरतात. मला तर रागच यायचा. लेकीला बोलवायचं सोडून हा माणूस मासे काय बघत बसतो!

परवा सकाळी मी त्यांच्याकडं चहा घेत होतो. मोबाईलवर फोटो आला. नानांनी नुसती नजर टाकली आणि पुटपुटले, "गोदाबाई." तेवढ्यात प्रणिताचा फोन.

"पप्पा, ओळखली का?"

"नाय बाई. धूसर हाय जरा. बघावं लागंल. तू जेवलीस का? खोकला गेला का तुझा?"

अर्धा तास बोलणं चाललं. शेवटी नाना म्हणाले, "उद्या सांगतो नक्की. उद्या कर फोन."

मी म्हटलं, "नाना, तुम्ही तर बघताक्षणी ओळखली होती!"

"ओळखली म्हणलं की 'बरं पप्पा' म्हणती आन् ठेवून देती."

मी कप खाली ठेवला. "मग सरळ ये म्हणा की तिला."

नाना मोबाईलवरचा फोटो बोटानं मोठा करत राहिले.

"ये म्हणलं तर सगळं सोडून येईल रे ती," ते म्हणाले. "म्हणून तर म्हणत नाय."